भिंतीवरच्या पूरखुणा आखून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

सांगलीत महापुराचा वर्षदिन कसा होतो हे तुम्ही आमच्यापेक्षा जास्त वर्षं पाहिलंय. घाटावर पणत्या, दोन मिनिटं शांतता, एक फ्लेक्स आणि प्रत्येक भाषणात ‘सत्तावन्न फूट’. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली हे शाळकरी पोरंही सांगतात. पण तुमच्या दारात पाणी कुठवर होतं असं विचारलं की कुणी मांडीवर हात ठेवतं, कुणी छातीवर, आणि शेजारी-शेजारी राहणाऱ्यांत दोन फुटांचा फरक पडतो. यंदा गल्लीतल्या मंडळांनी भिंतींवर खुणा रंगवायचं ठरवलं, तेव्हा आमच्याकडे रंगाचे डबे होते आणि उत्साह होता. लेव्हल मशीन (आडवी सरळ नजर देणारी दुर्बीण), स्टाफ (तिच्यातून वाचायची उभी मापपट्टी) आणि ‘थांबा’ म्हणणारं माणूस, ही तिन्ही तुमच्याकडून आली. हे पत्र त्यासाठी.

पहिलं थांबवलंत ते पुराव्यापाशी. आम्ही भिंतीवरची ओलीची रेघ धरून निघालो होतो. वीट पाणी वर ओढते, त्यामुळे पोपडे आणि खार पुराच्या पातळीच्या फूटभर, कधी दोन फूट वर सापडतात, हे तुम्ही दाखवलंत. बाहेरच्या भिंतीवरची चिखलाची रेघही भरवशाची नाही. होडी गेली की लाट उठते आणि रेघ चढते. पाणी उतरताना मध्येच थबकलं तर सर्वांत ठळक रेघ तिथेच बसते आणि ती माथ्याच्या, म्हणजे पुराच्या सर्वांत उंच पातळीच्या, खाली असते. मग शोध सुरू झाला बंद जागांचा. मीटरच्या पेटीची आतली बाजू, कडी लावून ठेवलेल्या खोलीतलं दार, भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटाची पाठ. जिथे पाणी हललं नाही तिथली रेघ खरी. जोडीला तारीख-वेळ असलेले मोबाइलचे फोटो, पण व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेले नव्हेत; ज्याने काढला त्याच्याच फोनमधले, कारण पाठवताना फोटोतली मूळ वेळ गळून जाते.

दुसरी अडवणूक रस्त्याची. ‘रस्त्यापासून साडेचार फूट’ असं लिहिलेली खूण दोन डांबरीकरणांत खोटी ठरते, कारण जुना थर न खरवडता नवा चढतो. म्हणून सगळी मापं देवळाच्या दगडी पायरीवरून घेतली. तोच आपला बेंचमार्क, म्हणजे न हलणारा मूळ बिंदू. तिथून निघून दीड किलोमीटरचा फेरा मारून पुन्हा तिथेच यायचं आणि सुरुवातीच्या व शेवटच्या उंचीतला फरक पंधरा मिलिमीटरच्या आत बसला पाहिजे (किलोमीटरचं वर्गमूळ गुणिले बारा, हा तुमचा हिशोब आता पोरांना पाठ झालाय). पहिल्या फेरीत फरक चाळीसच्या वर गेला. कारण निघालं स्टाफच्या सांध्याचं बटण. वरचा भाग पूर्ण न खेचल्याने ते खटकन बसलंच नव्हतं, आणि वरच्या भागावरचं एक रीडिंग चार सेंटिमीटरने फसलं होतं. अख्खी फेरी पुन्हा मारायला लावलीत. त्या दिवशी आम्ही मनातल्या मनात काय म्हणालो ते इथे लिहीत नाही.

त्याच्याही आधी तुम्ही मशीन तपासलं होतंत. साठ मीटरवर दोन खुंट्या ठोकून, मशीन बरोबर मध्ये ठेवून दोन्हींतला फरक घेतलात, मग मशीन एका खुंटीजवळ नेऊन पुन्हा घेतलात. मध्यावर असताना नजरेच्या रेषेतली चूक दोन्हीकडे सारखी पडून कटते, टोकाला नेल्यावर उघडी पडते. म्हणूनच पुढेही मशीनपासून मागच्या आणि पुढच्या स्टाफचं अंतर सारखं ठेवायचं, तीस-चाळीस मीटरच्या पलीकडे जायचं नाही, आणि स्टाफ धरणाऱ्याने तो हळूहळू पुढे-मागे झुकवायचा. सर्वांत कमी येईल ते रीडिंग खरं. घरांच्या आत मशीन पोहोचत नाही तिथे गवंड्याची पारदर्शक नळी वापरली. पाण्यात नीळ टाकली की पातळी दिसते. नळीत एक बुडबुडा राहिला तर दोन्ही टोकं बिनदिक्कत खोटं बोलतात, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी-शेजारी धरून बघायची.

आणि मुख्य गोष्ट, जी आमच्या डोक्यात कधीच शिरली नव्हती. पुराचं पाणी तळ्यासारखं सपाट नसतं. नदीच्या वाहत्या पाण्याला उतार असतो. आयर्विनपाशी जी पातळी, ती खाली हरिपूरला, वारणेच्या संगमाशी, नसते. त्यामुळे पुलावरची एक उंची धरून सगळ्या शहरात सरळ रेघ ओढणं चूक. जिथे पुरावा पक्का तिथे खूण, दोन पक्क्या खुणांच्या मधे अंतराच्या प्रमाणात. त्यावर तुमची ती पडताळणी: २०१९ आणि २०२१ च्या पुरांच्या माथ्यांत आयर्विनला अडीच-तीन फुटांचा फरक होता, तर गल्लीतही साधारण तेवढाच यायला हवा. एका वाड्यात तो पाच फूट आला. मालक म्हणाले, दोन्ही पूर आम्ही डोळ्यांनी पाहिले. तुम्ही म्हणालात, ‘ही रेघ मी देणार नाही.’ ती भिंत आजही कोरी आहे. सगळ्या कामात आम्हाला सर्वांत जास्त पटलेली जागा तीच. २००५ च्या पुराची खूणही फक्त जिथे पुरावा होता तिथेच आहे.

घरमालकांची भीती मात्र वेगळी होती. खूण दिसली की जागेचा भाव पडणार, शिवाय ही सरकारी ‘पूररेषा’ समजून बांधकामाची परवानगी अडणार. त्या निळ्या आणि लाल पूररेषा नकाशावर असतात, त्या पाटबंधारे खातं ठरवतं; आपली नुसती पूरखूण, झालेल्या पाण्याची नोंद, हे तुम्ही दारोदारी समजावलंत. तरीही काहींनी नाही म्हटलं. त्यांचं म्हणणं आम्हाला पटलं नाही, पण भिंत त्यांची.

रंगाचं काम मे महिन्यात उरकायला लावलंत हे बरं केलंत. ऑगस्टातल्या ओल्या भिंतीवर इनॅमल धरत नाही, वर्षात पापुद्रे सुटतात. तारेचा ब्रश, सिमेंट प्रायमर, मग दोन हात, मधे एक दिवस. जुन्या एक्स-रे फिल्मचे स्टेन्सिल फार कामाला आले. पट्टी पाच सेंटिमीटर रुंद, आणि पाण्याची पातळी म्हणजे तिची वरची कड, हे प्रत्येक खुणेखाली लिहिलं. नाहीतर पट्टीच्या रुंदीएवढा घोळ कायमचा. विजेचे खांब वगळले.

खुणेखालची दुसरी ओळ तुमचीच कल्पना: आयर्विनला किती फूट झाले की इथे रस्त्यावर पाणी येतं. ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका हे आकडे पुलाचे आहेत. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट किंवा दत्तनगरात राहणाऱ्याला त्याचा आकडा लागतो, आणि तो त्याहून कमी असतो, कारण नाल्यांतून पाणी उलटं चढतं. हा आकडा चढत्या पाण्याच्या वेळेवरून काढला. उतरताना गटारं पाणी धरून ठेवतात, तेव्हाचा हिशोब फसवा. त्यातूनही सावधगिरी म्हणून फूटभर कमी लिहिला, म्हणजे गॅस सिलिंडर आणि कागदपत्रं माळ्यावर जायला वेळ मिळेल.

वर्षदिनी भाषणं दोनच झाली. लोक खुणेखुणेने चालले, पोरं भिंतीला पाठ लावून उभी राहिली. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटून गेलेल्यांसाठी शांतता पाळली. त्यानंतर साचलेल्या संथ पाण्यात बोटीचा सराव झाला: जॅकेटचे पट्टे काठावरच आवळायचे, बोटीवर लिहिलेल्या संख्येच्या वर एकही नाही, बसायचं तळात आणि मधोमध, ओळखीचं कुणी दिसलं म्हणून एका बाजूला उठायचं नाही.

तुमच्या लेव्हल बुकाच्या, म्हणजे मापांच्या वहीच्या, दोन प्रती केल्यात. एक वाचनालयात, २०१९ च्या खुणेच्या वरच्या फळीवर, दुसरी विश्रामबागेत एकाच्या दुसऱ्या मजल्यावर. मशीन आणि ट्रायपॉड रविवारी आणून देतो. स्टाफचं ते बटण बदलून घेतलंय, खेचताना खटका ऐकू येतो. पुढच्या मे महिन्यात पायरीपासून पुन्हा एक फेरी मारायची आहे. मशीन आम्ही लावू, तुम्ही फक्त खुर्ची टाकून बसा.

आपले,
गल्लीतली मंडळं, सांगली