ती सही अजून झालेली नाही

टिळकवाडी, बेळगाव
रविवार, रात्र

प्रिय दोस्ता,

सात महिने झाले, तुला एक ओळ नाही. फोन तूच करायचास आणि मी 'नंतर बोलू' म्हणून ठेवायचो. रागावला असशील तर तुझं बरोबर आहे. गुडघा तसाच, साखर आटोक्यात, हिची तब्येत ठीक. आता जे सांगायचंय ते तुझ्याशिवाय कोणाला कळायचं नाही.

काल खानापूरहून आक्काची नात आली होती. बारा गोष्टी लिहिल्यात पोरीने, सगळ्या मोबाईलवर, बसच्या येण्याजाण्यात. कौलांच्या भट्टीवरच्या म्हातारीची गोष्ट तिने वाचून दाखवली, तर ही स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन उभी राहिली. मग पोरीने पिशवीतून चार पानी करार काढला. एका प्रकाशकाने पाठवलाय. पंचावन्न हजार पोरीने द्यायचे, तीनशे प्रती निघणार, त्यातल्या दोनशे तिनेच विकत घ्यायच्या. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचे, वेगळे पाच हजार. आणि तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात, 'सर्व भाषांतील व सर्व माध्यमांतील हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे राहतील.' महिनाअखेरपर्यंत सही केली नाही तर सवलत जाणार म्हणे.

मी काही न बोलता माळ्यावर चढलो.

माझ्या न खपलेल्या पुस्तकाचे गठ्ठे अजून तिथेच आहेत. सुतळी सोडली तर खालच्या थराला वाळवी लागलेली. खरं मी ते शोधत नव्हतो. मला हवं होतं ते हस्तलिखित, तू वाचून परत दिलेलं. सापडलं. समासात तुझी शिसपेन्सिल, अजून पुसट झालेली नाही. सत्तेचाळिसाव्या पानावर लिहिलंयस, 'इथं रडू नकोस, सांग.' शेवटच्या पानावर, 'एक वर्ष थांब.' त्या तीन शब्दांपायी मी तुझ्याशी दोन वर्षं बोललो नाही. खडेबाजारात समोरून आलास तर गल्ली बदलली. तू बरोबर होतास, हे मी तुला कधी म्हटलं नाही. आज म्हणतो.

आता तेच तीन शब्द मला पोरीला सांगायचेत आणि माझी जीभ उचलत नाही. आपलं नाव छापून यावं म्हणून जीव कसा तुटतो, हे मला ठाऊक आहे. मी थांब म्हटलं की ही पण गल्ली बदलणार. म्हणून मी आधी कागदाचं बोललो. आयएसबीएन सरकारी संस्था देते, राजा राममोहन राय यांच्या नावाची, आणि त्याला पैसे पडत नाहीत. स्वतः छापणाऱ्या लेखकालाही मिळतो. गोष्ट लिहिली त्या क्षणी हक्क तिचाच झाला, नोंदणी केली नाही तरी. 1957 च्या कायद्याप्रमाणे तो हयातभर आणि पुढे 60 वर्षं. करारात मुदत लिहिलीच नसेल तर कायदा पाचच वर्षं धरतो, खरं इथं 'कायमस्वरूपी' लिहून ती वाट बंद केलीय. उद्या धारवाडचा कोणी म्हणाला, ही म्हातारी कन्नडमध्ये नेतो, तर हिला स्वतःच्या गोष्टीसाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागणार. हे ऐकल्यावर पहिल्यांदा तिचा चेहरा बदलला. मी म्हटलं, हक्क द्यायचे तर फक्त मराठी छापील आवृत्तीचे, तीन वर्षांसाठी, आणि प्रती संपल्यावर पुन्हा छापल्या नाहीत तर हक्क परत, असं लिहून घे.

माझा खरा संताप मात्र वेगळाच आहे. 'संपादन करून देऊ' म्हणून त्यांनी एक गोष्ट नमुन्याला पाठवलीय. म्हातारी म्हणते, 'जातो म्हंतोस, खरं जेवून जा की.' त्यांनी केलंय, 'जातोस तर जा, पण जेवून जा.' अरे, म्हातारीच गेली की त्यातून! निवेदन हवं तर प्रमाण मराठीत असू दे, खरं संवादाला हात लावू देऊ नकोस, असं मी तिला तीनदा सांगितलं. तू असतास तर टेबलावर मूठ आपटली असतीस आणि चहा माझ्या धोतरावर सांडला असता, सरांच्या निरोपाच्या दिवशी सांडला होता तसा.

मोबाईलवरचा युनिकोड मजकूर छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये नेला की रफार आणि जोडाक्षरं फुटतात, म्हणून प्रूफ त्यानंतरच वाच, कागदावर, ओळीखाली पट्टी धरून, हेही सांगितलं. पानं 132 होतात. सोळाचा फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर सोळा पानं, धरला तर आठ फर्म्यांत 128 बसतात, उरलेल्या चारांसाठी आणखी कागद. बाराव्या गोष्टीतला पावसाचा परिच्छेद काढला तर चार पानं सहज जातील. काढ म्हटलं तर डोळ्यांत पाणी.

मला वाटतं तिने आधी एक गोष्ट दिवाळी अंकाला पाठवावी आणि भट्टीची गोष्ट कडोलीच्या साहित्य संमेलनात कथाकथनाला वाचावी. मांडवातल्या बायका कुठे चुळबूळ करतात ते बघितलं की कुठे कापायचं ते कळतं. पाच-सहा ठिकाणी नाव झालं की पैसे न मागणारा प्रकाशकही भेटेल. वेळ लागेल. कदाचित नाहीही भेटणार, तेव्हा स्वतः शंभर प्रती डिजिटल छपाईवर काढाव्यात, संपल्या की पुन्हा शंभर. माळ्यावर तरी काही चढणार नाही.

जाताना तिने करार परत पिशवीत ठेवला. सही करणार नाही, असं काही म्हणाली नाही.

म्हणून तीन गोष्टी छापून सोबत पाठवतोय. समास मुद्दाम मोठा सोडलाय. शिसपेन्सिलनेच लिही आणि महिनाअखेरच्या आत धाड. मला नको, थेट तिलाच. पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर आहे.

धाकटीचं लग्न ठरल्याचं कळलं, फार बरं वाटलं. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? नवीन घरात पाणी येतं ना? लग्नाला कुंदा घेऊन येतो, दोन किलो, त्यातला अर्धा तुझ्यापासून लपवून वहिनींकडे देईन.

आणि ते हस्तलिखितही आणतो. सत्तेचाळिसावं पान मी काल रात्री पुन्हा लिहिलंय.

तुझा,
मी