त्या रात्रीचा निरोप

प्लेनो, टेक्सस

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार. मागच्या फोनवर तू खंबाटकी घाटातल्या त्या अपघाताचा विषय काढलास, ज्याचा निरोप पोलीस म्हणून तुला घरी न्यावा लागला होता, आणि मधेच "जाऊ दे रे" म्हणून थांबलास. ते मनातून जात नाही, म्हणून आज लिहायला बसलोय.

आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे निवृत्त पाद्री तुला आठवतात ना, तू आलास तेव्हा आपल्याला टोमॅटो देऊन गेले होते ते? ते इथल्या पोलिसांचे 'चॅप्लिन' आहेत, म्हणजे पोलिसांना आणि दुःखात सापडलेल्या घरांना आधार देणारे धर्मगुरू. पगार नाही, पिस्तूल नाही. एक जॅकेट, ओळखपत्र आणि रात्री-अपरात्री वाजणारा फोन. या लोकांची मोठी संघटना अमेरिकेत १९७३ पासून आहे. प्रवचन द्यायचं नाही, कुणाला आपल्या धर्माकडे ओढायचं नाही, समोरच्याने मागितली तरच प्रार्थना. आणि शिपाई त्यांच्यापाशी जे बोलतो ते साहेबांच्या कानावर जात नाही. कुणाच्या जिवावर बेतणारं असेल तर गोष्ट वेगळी.

मार्चमध्ये रात्री दीड वाजता त्यांनी माझं दार वाजवलं. एका मराठी घरी निरोप द्यायचा होता. मुलगा हायवेवर अपघातात गेला होता. सून ऑफिसच्या कामासाठी दुसऱ्या शहरात, तिच्याकडे तिथले पोलीस निघाले होते. इथे घरी फक्त त्याची आई. सांगलीकडची, तीन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदाच आलेली, इंग्रजी अजिबात येत नव्हतं.

गाडीत त्यांनी मला बजावलं. हा निरोप फोनवर द्यायचा नाही, उशीर करायचा नाही, एकट्याने जायचं नाही. आणि शब्द स्पष्ट वापर, नाहीतर माणूस खोट्या आशेला धरून बसतो.

मी मान डोलावली, आणि दारात उभा राहून नेमकं उलटं केलं. त्या माउलीने दार उघडलं, अंगावर शाल, हातात मोबाइल. मी म्हणालो, "मावशी, तो गेला."

"कुठं गेला? मगाशी तर फोन आला, निघालोय म्हणून."

दिन्या, हा शब्द आपण जन्मभर वापरतो रे. त्या दारात तो किती अपुरा आहे ते कळलं. मग जीभ रेटून सांगितलं, "गाडीला अपघात झाला, मावशी. त्यात तो मरण पावला."

ती तिथेच चपलांच्या स्टँडवर बसली. पंचाहत्तरीचे ते गृहस्थ, गुडघे दुखत असूनही, तिच्याशेजारी फरशीवर बसले. मराठीचा एक शब्द येत नाही त्यांना. साडेसहाला मंडळातल्या बायका येईपर्यंत ते तसेच बसून होते. एकदाच उठले. मुलासाठी गरम करत ठेवलेली आमटी करपायला लागली होती, तो गॅस बंद करून आले.

आमच्याबरोबर एक पोरगेला पोलीस होता, पंचविशीचा असेल. सगळा वेळ दाराबाहेर ताठ उभा. निघताना चॅप्लिननी त्याला एवढंच विचारलं, "आज घरी कोण आहे?" कोणी नाही, म्हणाला. मग ते त्याला सकाळी नाश्त्याला घेऊन गेले. आठवडाभर रोज फोन करत होते, हे नंतर त्या पोराकडूनच कळलं.

२०१६ साली ७ जुलैला इथून जवळच डॅलसमध्ये मोर्चाच्या बंदोबस्तावरचे पाच पोलीस मारले गेले, तेव्हा मी मुलीला घेऊन मुख्यालयासमोर फुलं ठेवायला गेलो होतो. पोलिसांच्या दोन गाड्या फुलांखाली दिसेनाशा झाल्या होत्या. मोर्चा होता पोलिसांच्या गोळीने मेलेल्या काळ्या माणसांसाठी. म्हणजे दोन्हीकडे मरण, दोन्हीकडे राग. अशा वेळी दोन्ही घरांत ज्याला आत येऊ देतील असा माणूस शहरात असावा लागतो, आणि तो आधीपासून ओळखीचा असावा लागतो.

न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे चॅप्लिन फादर मायकल जज यांचं नाव तू ऐकलं नसशील. ११ सप्टेंबर २००१ ला ते आपल्या जवानांच्या मागोमाग टॉवरमध्ये गेले आणि तिथेच मरण पावले. त्या दिवसाच्या मृतांत अधिकृत नोंद झालेले ते पहिले. आमच्या चॅप्लिनांच्या पाकिटात त्यांचा फोटो असतो.

आता तुझं. त्या रात्री कोरेगावकडच्या घरी तू एकटा गेलास. बाप आणि दोन्ही पोरं एका गाडीत, आणि ते सांगायला तू एकटा. परत ठाण्यात येऊन कागदपत्रं पुरी केलीस, सकाळी यात्रेच्या बंदोबस्ताला उभा राहिलास. तुला कुणी विचारलं नाही, आज घरी कोण आहे म्हणून. मीही नाही. एकवीस वर्षं झाली, आपण दर दिवाळीला भेटलो, बोललो, पत्ते खेळलो आणि मी एकदाही विचारलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

रविवारी तुमच्या संध्याकाळी सातला फोन करतो. इथे सकाळ असेल, मला दुसरं काही काम नाही. त्या घरात काय झालं ते सगळं सांग. मधे थांबावंसं वाटलं तर थांब, मी फोन ठेवणार नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विज्या