बोटाचा ब्रश

मन्या,

आठ महिने झाले. तुझे तीन मिस्ड कॉल, वाढदिवसाचा तो व्हॉइस मेसेज, सगळं बघितलं, ऐकलं आणि उत्तर दिलं नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, बीपीची गोळी चालू झालीय, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बास.

गुरुवारी एक गोष्ट झाली आणि ती कुणाला सांगायची म्हटलं तर तूच आठवलास, कारण फिरोदिया करंडकाच्या नाटकाच्या प्रॅक्टिसला माझ्या बोटाचा ब्रश बघून चप्पल फेकणारा तूच. मूकाभिनयात सकाळ दाखवायची होती, मी सरळ तर्जनी घेतली आणि दातांवर घासली, तर तू सगळ्यांसमोर ओरडलास, "बोट म्हणजे ब्रश नाही रे गाढवा, ब्रश हातात धर, मूठ आणि दातांमध्ये ब्रशएवढी जागा सोड!" दोन दिवस बोललो नव्हतो. प्रेक्षकांना कळलंच असतं असं मला अजूनही वाटतं, असो.

ईशान आता साडेपाचचा. थेरपीवाल्या ताई म्हणाल्या रिकाम्या हाताने दात घासून दाखव, तर पठ्ठ्याने बोट काढलं! मी एवढा हसलो की केतकी माझ्याकडे बघतच राहिली. ताई म्हणे छोटी मुलं सगळीच आधी असं करतात, नसलेली वस्तू हातात धरणं नंतर येतं. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी मी कुठे होतो ते कळलं.

पण खरी गोष्ट टाटाची. तो टाटा करतो तेव्हा तळवा स्वतःकडे असतो. दारात उभा राहून स्वतःलाच टाटा करतोय असं दिसतं, सोसायटीतली पोरं हसतात, आधी मीही हसायचो. मग रात्री झोप लागत नाही म्हणून वाचत बसलो, तर ओहता नावाच्या जपानी संशोधकाने 1987 मध्येच लिहून ठेवलंय की ईशानसारखी स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक मुलं हावभावाची नक्कल कधीकधी अशी अर्धीच करतात, हात बरोबर पण दिशा उलटी. का, ते अजून भांडतातच लोक. मला जे पटलं ते सांगतो. आपण टाटा करतो तेव्हा त्याला काय दिसतं? तळवा. मग तोही स्वतःला तळवा दिसेल असाच हात धरतो. त्याच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे की!

मला जे खातंय ते वेगळंच. त्याला करता येत नाही, की कळतच नाही? कुणी बोटाने "इकडे ये" म्हटलं, तोंडावर बोट ठेवलं, तर त्याच्यापर्यंत काही पोचतं का? आधीच्या सेंटरमध्ये नमस्कार शिकवला, शंभर वेळा, प्रत्येक वेळी एक चिप्स. झालं काय, तर हा आता चिप्सचं पाकीट दिसलं की हात जोडतो. आई खूश, नातवावर संस्कार झाले. केतकीचं नि माझं यावरून इतकं वाजलं की ती दोन दिवस माहेरी. आणि दीड वर्षाचा असताना एम-चॅटचे, म्हणजे ऑटिझमची शंका आहे का ते बघायच्या फॉर्मचे, 20 प्रश्न भरले होते ना, त्यात "तुमची नक्कल करतो का" याच्यापुढे मी "हो" लिहिलं होतं. एकदा टाळी वाजवली होती त्याने. एकदाच. मी त्या एका टाळीवर सगळं ढकललं. हे केतकीला अजून सांगितलेलं नाही.

वर्षभर मी नातेवाइकांना ते मिरर न्यूरॉनचं ज्ञान पाजलं, स्वतः करताना नि दुसऱ्याला करताना बघूनही जाग्या होणाऱ्या पेशी, इटलीत पार्माला माकडांच्या मेंदूत सापडले, माणसात असले तर या मुलांचा आरसाच फुटलेला असतो वगैरे. मग हॅमिल्टन, ब्रिंडली नि फ्रिथ यांचा 2007 चा पेपर हाती लागला. त्यात हातांचे हावभाव ओळखण्यात स्वमग्न मुलं मुळीच मागे नव्हती. म्हणजे कळत असू शकतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण पहिला विचार आला की मग इतके दिवस आम्ही त्याच्यासमोर त्याच्याबद्दल काय काय बोललो.

तर गुरुवार. नव्या ताईंनी सांगितलंय, त्याला नक्कल करायला लावू नका, तुम्ही त्याची करा, दोन सारख्या वस्तू घेऊन बसा. प्रॅक्टिसमधला तुझा आरशाचा खेळच की, एकाने करायचं नि समोरच्याने तसंच! मी डब्यांची दोन झाकणं घेऊन फरशीवर बसलो. त्याने फिरवलं, मी फिरवलं. तो थांबला, मी थांबलो. झाकण डोक्यावर ठेवलं, मीही ठेवलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं, मन्या, झाकणाकडे नाही, माझ्याकडे. आणि हात वर केला, तळवा स्वतःकडे, तसाच टाटा. मीही तसाच केला, तळवा माझ्याकडे, म्हणजे त्याला माझ्या हाताची मागची बाजू दिसत होती. तो बघत राहिला आणि त्याने स्वतःचा हात फिरवला. मागची बाजू त्याच्याकडे. तळवा माझ्याकडे! सरळ टाटा झाला. मी हात फिरवला तर त्याने परत उलटा केला. दोन वेळा झालं, मग झाकण घेऊन गॅलरीत गेला. व्हिडिओ नाही, मोबाइल चार्जिंगला होता. केतकी म्हणते योगायोग असेल. शुक्रवारी स्कूल व्हॅनला टाटा केला तो उलटाच.

योगायोग असेलही. पण कॉलेजच्या गच्चीवर आपण तासभर भांडलो होतो की आरशाच्या खेळात पुढे कोण होतं, तू की मी, आणि मी छातीठोकपणे "मीच" म्हणालो होतो. गुरुवारी मला खरंच सांगता येईना.

काकूंचा गुडघा कसा आहे? लेकीचं दहावीचं वर्ष ना, क्लास लावलास का? नवीन फ्लॅटचं पझेशन मिळालं असेल तर फोटो टाक. दिवाळीत पुण्याला येशील तेव्हा आमच्याकडेच उतर, आणि एक दिवस त्याच्यासोबत फरशीवर बस. काही शिकवू नकोस. आणि चप्पल बाहेर काढून ये.

पक्या