चष्मा काढला की डोळा आत जातो, म्हणून चष्म्याला दोष देऊ नका

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

लहान मुलांच्या तिरळेपणाबद्दल लिहितेय. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, रोज मुलांचेच डोळे तपासते, आणि फोकस करण्याच्या त्रासातून येणाऱ्या तिरळेपणाबद्दल आईवडिलांच्या मनात इतका गोंधळ असतो की पेपरमधून चार गोष्टी कळल्या तर खूप मुलांचं भलं होईल.

हा तिरळेपणा जन्मापासूनचा नसतो. मूल साधारण दोन-अडीच वर्षांचं होईपर्यंत डोळे छान सरळ असतात (काहींना वर्षाच्या आत सुरू होतो, काहींना पाच-सहा वर्षांनी), मग कधीतरी आजी म्हणते, अगं चित्र काढताना याचा डोळा नाकाकडे जातो का बघ जरा. सुरुवातीला थोडाच वेळ जातो, मूल दमलेलं असलं किंवा तापातून उठलेलं असलं की जास्त, जवळचं बघताना जास्त, आणि लांब बघितलं की परत सरळ, त्यामुळे घरात एक जण म्हणतो जातोय, दुसरा म्हणतो तुला भास होतोय, आणि यातच महिने निघून जातात.

मूळ कारण बहुतेकदा प्लसचा नंबर असतो (म्हणजे स्पष्ट दिसायला डोळ्याला जास्तीचा फोकस करावा लागतो), बऱ्याचदा +४ च्या आसपास किंवा त्याहून जास्त. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग फोकस करायला भलतंच तयार असतं, त्यामुळे एवढा नंबर असूनही मूल जोर लावून स्पष्ट बघतं आणि दिसत नाही अशी तक्रार कधीच करत नाही. पण फोकस करणं आणि डोळे आत वळवणं या दोन गोष्टी मेंदूत एकमेकींना बांधलेल्या आहेत, एक केली की दुसरी होतेच, मग प्रमाणाबाहेर फोकस करावा लागला की डोळेही प्रमाणाबाहेर आत ओढले जातात. डोंडर्स नावाच्या डच डॉक्टरांनी १८६४ मध्येच हा संबंध मांडून ठेवलाय, तरी आजही लोक म्हणतात टीव्ही जवळून बघतो म्हणून झालं!

तपासताना काय होतं ते सांगते. मुलीसमोर टॉर्च धरला तर दोन्ही डोळे सरळ, कारण उजेडाच्या ठिपक्यावर बारीक फोकस करायची गरजच नसते. त्याच अंतरावर लाकडी काडीला चिकटवलेलं नखाएवढं बदकाचं चित्र धरून विचारलं, बदकाच्या चोचीत काय आहे गं, की ती निरखून बघायला लागते आणि डावा डोळा हळूहळू नाकाकडे सरकतो. म्हणून नुसता टॉर्च मारून कुणी "काही नाही" म्हटलं तर तेवढ्यावर थांबू नका. नंबरसुद्धा औषधाचे थेंब किंवा मलम घालून, फोकस करणारे स्नायू ढिले करूनच काढावा लागतो, नाहीतर खरा नंबर लपून राहतो.

यावर चष्मा हाच इलाज. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, फक्त अभ्यासापुरता नाही. पहिले काही आठवडे मूल कुरकुर करतं कारण जोर लावायची सवय लगेच सुटत नाही. आणि इथेच बहुतेक घरं डगमगतात: चष्मा लावल्यावर डोळे सरळ दिसतात, पण आंघोळीला चष्मा काढला की डोळा आधीपेक्षाही जास्त आत गेलेला वाटतो, मग आई घाबरते की चष्म्यानेच बिघडलं. तसं नाहीये हो! चष्मा काढल्यावर मूल पुन्हा जोर लावतं म्हणून डोळा जातो, चष्मा त्याचं काम बरोबर करतोय याचाच हा पुरावा. चष्म्याची सवय लागेल या भीतीने तो काढून ठेवणं हे मुलाचं सगळ्यात मोठं नुकसान, कारण आत गेलेल्या डोळ्याचं चित्र मेंदू हळूहळू दाबून टाकतो, तो डोळा आळशी होतो, मग चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून दुसऱ्याला कामाला लावावं लागतं, आणि वय जितकं वाढतं तितकं हे अवघड होत जातं.

काही मुलांचे डोळे चष्म्याने लांबचं बघताना सरळ राहतात पण जवळचं बघताना तरी आत जातात, त्यांना बायफोकल (वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेला चष्मा) देतात. ऑपरेशन कुणाला? पूर्ण नंबरचा चष्मा नीट वापरूनही जो तिरळेपणा उरतो त्याच्यासाठी. चष्म्यात डोळे अगदी सरळ असतील तर निव्वळ चष्मा नको म्हणून ऑपरेशनच्या मागे लागू नका. साधारण सात वर्षांनंतर बऱ्याच मुलांचा प्लस नंबर थोडा थोडा उतरायला लागतो, काहींचा चष्मा पुढे सुटतोही, सगळ्यांचा सुटेलच असं नाही.

नाकाचा पूल रुंद असलेल्या बाळांचे डोळे नुसते तिरळे भासतात, तेही खरंय, पण ते तपासणाऱ्याला ठरवू द्या. कारण क्वचित डोळ्याच्या आतल्या गाठीचं पहिलं लक्षणही तिरळेपणाच असतं. फोटोत बाहुली पांढरी चमकत असेल, किंवा डोळा अचानक आत जाऊन मूल दोन-दोन दिसतं म्हणत असेल, डोकं दुखून उलट्या होत असतील, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

आपली,
एक ऑप्टोमेट्रिस्ट वाचक