मजुरी तुझी, नफा धंद्याचा: नानांना जाहीर धन्यवाद

नाना, नमस्कार.

समोर बसून आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय. सूनबाईंना वाचून दाखवायला सांगा.

आमच्या घरात ऐरण आजोबांपासूनची. विळे, खुरपी, उसाचे कोयते, कुऱ्हाडीची धार, तासगावच्या आसपासच्या गावांतून गिऱ्हाईक घरी यायचं. पण मशीनवर ठोकलेला कोयता बाजारात येतो त्याच्या दराशी हातानं घडवणाऱ्यानं कसं भांडायचं, हे वडिलांनाही सुटलं नव्हतं, म्हणून मी ऑर्डरप्रमाणे चाकू बनवायला लागलो, किचनचे आणि झाडांच्या कलमाचे. चाकू लोकांना आवडायचे, ऑर्डरी यायच्या, आणि महिन्याच्या शेवटी हातात काय उरत नव्हतं. का उरत नाही हे सांगणारं कोणी नव्हतं. तुम्ही अख्खी नोकरी कुपवाड एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटवर, म्हणजे पोलाद तापवून-थंड करून कडक करण्यावर काढलेली, त्यामुळं मला वाटलं तुम्ही पोलादाचं काहीतरी सांगाल, तर तुम्ही आधी वहीच मागितलीत.

त्या वहीत आपण एका आठ इंची शेफ चाकूचा हिशोब मांडला तो मी अजून भिंतीला लावून ठेवलाय. पोलाद २००, ग्राइंडरचे बेल्ट ३००, गॅस १५०, मुठीचं लाकूड, पिना आणि इपॉक्सी मिळून २५०, कातडी कव्हर ३००, वीज आणि मशीनची झीज २००, पॅकिंग-कुरिअर १५०. झाले १,५५०. मग तुम्ही विचारलंत, वेळ किती लागतो? साधारण ८ तास. तासाला १५० धरले तर १,२००. आणि पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं तेलात बुडवून कडक करताना, जी पाती वाकतात नाहीतर तडकतात, त्यांचा खर्च चांगल्या पात्यांनीच भरून काढायचा, म्हणून प्रत्येक चाकूवर २५० अजून. एकूण ३,०००. मी म्हणालो मग तीन हजाराला विकू, तर तुम्ही म्हणालात, "अरे ही तर तुझी मजुरी झाली, धंद्याला काय दिलंस? मजुरी तुझी, नफा धंद्याचा. उद्या मोटर जळली तर कुणाच्या खिशातून भरणार?" नाना, खरं सांगतो, एवढं एक वाक्य माझ्या सगळ्या धंद्याचा पाया आहे. त्यावर २५ टक्के चढवून ३,७५० दर लावला, निम्मे पैसे ॲडव्हान्स, आणि गिऱ्हाईक पळालं नाही. पुण्या-मुंबईचे शेफ उलट विचारतात की पोलाद कुठलं, हार्डनेस किती.

त्याचं उत्तर पण तुमच्यामुळंच आहे माझ्याकडं. भंगारातला गाडीचा पाटा स्वस्त पडतो, पण तो कुठल्या ग्रेडचा आहे आणि वर्षानुवर्षं वाकून आत बारीक चीर गेलीय का हे बाहेरून दिसत नाही, म्हणून सर्टिफिकेटवालं नवं ईएन ३१ ग्रेडचं पोलाद घ्यायला लावलंत. भट्टीपाशी उभं राहून दाखवलंत की ७७० अंशांच्या आसपास पात्याला लोहचुंबक चिकटायचं बंद होतं पण तिथं थांबायचं नाही, हे बेअरिंगचं पोलाद आहे, ८४० पर्यंत नेऊन थोडा वेळ मुरू द्यायचं, मग तेलात सरळ उभं बुडवायचं, तिरकं गेलं की वाकलं. लगेच कानस फिरवायची, ती काचेवरून गेल्यासारखी घसरली पाहिजे. मग परत २०० अंशाला दोन-दोन तास, दोन वेळा तापवायचं, की हार्डनेस ५९-६० एचआरसी (कडकपणा मोजायचं माप). आता रंग बघून अंदाज नाही, आकडा सांगतो, आणि आकड्याला दर मिळतो.

कलमाच्या चाकूचं तर सगळं श्रेय तुम्हाला. आपल्याकडं ऑगस्ट-सप्टेंबरात डॉगरिज जातीच्या द्राक्षाच्या खुंटावर द्राक्षाचं पाचर कलम करणाऱ्या टोळ्या फिरतात, एकेक माणूस दिवसभर काड्या तासत असतो. त्याला एकाच बाजूनं धार पाहिजे, दुसरी बाजू सपाट, म्हणजे काप सरळ येतो आणि काडी खुंटात फट न राहता बसते. हे मला माहीत होतं, विकायचं कसं ते माहीत नव्हतं. तुम्ही लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितलीत, लोखंडी नांगरानं जमिनीत विष उतरतं असं शेतकऱ्यांना वाटायचं, नांगर खपेनात, पण ते मागं हटले नाहीत आणि १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणालात टोळीच्या मुकादमाला एक चाकू वापरायला दे, सीझन संपल्यावर पैसे माग. मुकादमानं पैसे तर दिलेच, वर अख्ख्या टोळीचे चाकू सांगितले. आज सीझनला घर चालतं ते या छोट्या चाकूवर.

तलवारी आणि बटणाच्या चाकूंना तुम्ही ठाम नाही म्हणायला लावलंत त्याबद्दल पण थँक्यू. इन्स्टावर रोज कोणीतरी विचारतंच, दाम दुप्पट देतो म्हणतात, आणि वाढदिवसाला तलवारीनं केक कापला म्हणून गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच की. १९५९ चा शस्त्र कायदा निव्वळ घरच्या आणि शेतीच्या अवजाराला शस्त्र धरत नाही, आपण त्याच चौकटीत राहायचं, हे तुमचं म्हणणं मी दुकानात मोठ्या अक्षरात लावलंय.

विश्वकर्मा योजनेत लोहारकाम बसतं हे पण तुम्हीच पेपरात वाचून सांगितलंत, सेंटरवर माझ्याबरोबर येऊन बसलात. ५ टक्के व्याजानं १ लाख कर्ज मिळालं त्यातून इलेक्ट्रिक भट्टी आली, हप्ते वेळेवर चालू आहेत.

आता शेजारचा एक पोरगा हाताखाली घेतलाय. त्याचा पगार हिशोबात पहिल्या ओळीला लिहितो, माझ्या मजुरीच्याही वर. ग्राइंडिंग चांगलं करतो पण तेलात बुडवताना घाई करतो, एकदा येऊन तुमच्या पद्धतीनं समजावून सांगा त्याला. काकूंसाठी विळी करून ठेवलीय, ती पण न्यायचीय.

तुमचाच,
तासगावचा चाकूवाला