स्कॅन झाले, पण सापडत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मासिकांचे अंक स्कॅन करून खुले केले की जपणुकीचं काम संपलं, अशी एक समजूत रूढ झाली आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदाला वाहिलेल्या एका मासिकाचा मी जुना वाचक. त्याचे अंक पीडीएफ रूपात मिळू लागले तेव्हा मीही हरखून गेलो होतो. मग एकदा पावसाची वर्दी देणाऱ्या सर्किटचा लेख हवा झाला आणि दोन संध्याकाळी अंक चाळण्यात गेल्या. सापडला तेव्हा शीर्षक काय, तर 'दोरीवरचे कपडे वाचवा'! त्यात ना पाऊस, ना सर्किट.

संगणक शोधेल की, असं कोणी म्हणेल. पण स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यातली अक्षरं आधी ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रणालीने, वाचून घ्यावी लागतात. टेसरॅक्टसारखी मोफत साधनं मराठी वाचतात, स्वच्छ छपाई बरी वाचतात. शाई पसरलेल्या जुन्या कागदावर मात्र जोडाक्षरांचा चुराडा होतो आणि शेजारशेजारचे स्तंभ एकमेकांत मिसळतात. संगणकावर जुळवलेल्या अंकांची आणखी वेगळी गंमत. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी सामाईक पद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९१ची, पण मराठी छपाईत ती रुळायला बराच काळ गेला. तोवर वापरलेल्या फाँटमधला मजकूर पडद्यावर सुरेख मराठी दिसतो आणि कॉपी केला की नुसती रोमन चिन्हांची भेळ हाती येते. शिवाय ट्रान्झिस्टर, ट्रांझिस्टर, ट्रान्सिस्टर हे तिन्ही एकच, हे यंत्राला कोण सांगणार?

म्हणून माणसांनी केलेली सूची हवी. तिची सर्वांत मोठी गरज मला वाटते ती शुद्धिपत्रांसाठी. कपडे वाचवणारं ते सर्किट मी जोडलं. ५५५ टायमर या आयसीवर (चिपवर) चालणारा साधा भोंगा. पण भोंग्याऐवजी माझ्या वयाच्या कानाला जेमतेम ऐकू येईल इतकी बारीक शिट्टी निघाली. एका रोधाची (रेझिस्टरची) किंमत ६८ किलोओहमच्या जागी ६.८ छापली गेली होती, त्यामुळे कंपनसंख्या नऊ-दहा पट चढली होती. दुरुस्ती दोन अंकांनंतर, वाचकांच्या पत्रांखाली चार ओळींत आलेली. त्या काळी दर महिन्याला अंक वाचणाऱ्याच्या ती नजरेस पडली असेल. आज एकटा लेख उतरवून घेणाऱ्याला तिचा पत्ताच लागत नाही. सूचीत लेखाच्या नोंदीपुढेच 'दुरुस्ती अमुक अंकात' असं असेल तर एक संध्याकाळ आणि एक आयसी वाचेल.

हे काम पगारी माणसं लावून होणार नाही आणि लावायची गरजही नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००८पासून जुन्या वृत्तपत्रांच्या ओसीआरमधल्या चुका वाचकांनाच दुरुस्त करू दिल्या, आणि लोक आवडीने त्या करत आले आहेत. आम्ही चौघांनी एका वर्षाचे १२ अंक करून पाहिले. एका लेखाला एक ओळ : शीर्षक, लेखक, अंक, पान, विषय, वापरलेले मुख्य भाग, दुरुस्ती. एकाने भरायचं, दुसऱ्याने ताडून पाहायचं. अंकाला साधारण दीड तास लागला, त्यातला निम्मा जुन्या जाहिराती वाचण्यात गेला हे कबूल करतो. ३० वर्षांचे ३६० अंक धरले तर ५४० तास होतात. २० जणांत वाटले तर प्रत्येकी २७. तपासणी वेगळी, पण तरी आवाक्यातली.

अडलो ते भलत्याच ठिकाणी. मी विषय लिहिला 'गजर', दुसऱ्याने 'अलार्म', तिसऱ्याने 'भोंगा'. शेवटी ठरावीक शब्दांची यादी केली आणि बाकीच्या शब्दांपुढे 'पाहा : अलार्म' असं लिहिलं. छापील पान २१ फाइलमध्ये २५वं निघतं, कारण मुखपृष्ठ आणि जाहिरातींची पानं मोजलेली नसतात. तेव्हा दोन्ही आकडे हवेत. हे पहिल्याच दिवशी ठरवलं असतं तर तीन अंक पुन्हा करावे लागले नसते.

सूची झाली तर अंक कोण विकत घेणार, असा प्रश्न आम्हाला एका प्रकाशकाने विचारला. सूचीत लेख नसतो, लेखाचा पत्ता असतो. पत्ता कळल्यावरच माणूस दारात येतो. जुने अंक खुले करणाऱ्या सगळ्याच मासिकांना आपल्या पत्रातून एवढीच विनंती : वाचकांना सूची करू द्या आणि ती अंकांच्या शेजारी ठेवा.

आणि ते लवकर करा. आमच्या १२ अंकांपैकी दोनांत मधली चार-चार पानं स्कॅनच झालेली नाहीत. लेख पान ३० वर अर्धवट तुटतो आणि ३५ वर भलताच सुरू होतो. इतकी वर्षं हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. छापील प्रती रद्दीत जाण्याआधी कळलं, तर ती पानं पुन्हा स्कॅन करता येतील.

आपला,
एक जुना वाचक