डॉक्टर, तो चहा माझ्याकडे लागला

डॉक्टर,

परवा तुम्ही ‘आता सहा महिन्यांनी या’ म्हणालात आणि मला रडूच फुटलं. समोर काही बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

आठ महिने मी मूळव्याधीची पेशंट होते. एका डॉक्टरांनी न तपासताच मलम लिहून दिलं. दुसऱ्यांनी ‘आयबीएस आहे, म्हणजे आतडं नुसतं चिडचिडं झालंय, टेन्शन घेऊ नका, शेव सोडा’ एवढं सांगून फी घेतली. इंदूरच्या माणसाला शेव सोडा म्हणायचं! तीही सोडली. कोरडे पोहे गिळत राहिले आणि हिमोग्लोबिन ८.४ पर्यंत घसरलं.

तुम्ही विचारलंत, “रक्त पडतं का?” मी म्हणाले, “थोडंसं.” शेजारी मुलगा बसलेला, त्याच्यासमोर काय सांगणार? तुम्ही एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलंत. “दादा, खालच्या टपरीवरून माझा चहा आणता का? तिथेच उभे राहा, तो पोरगा विसरतो.”

दार लागलं. तुम्ही पेन खाली ठेवलंत. “आता सांगा, काकू.”

मग सगळं सांगितलं. रक्त आवेत मिसळलेलं असतं, दिवसातून सात-आठदा जावं लागतं, घाई अशी की लग्नकार्यं बंद झाली. “रात्री झोपेतून उठावं लागतं?” रोज. हे आधी कुणी विचारलंच नव्हतं. आयबीएस सहसा गाढ झोपेतून उठवत नाही, आणि त्यात रक्त तर पडतच नाही, म्हणालात.

पुढे दुर्बीण झाली, तुकडा तपासायला गेला. अल्सरेटिव्ह कोलायटिस, हे नाव अजून माझ्या जिभेवर बसत नाही. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा, कॅन्सर नाही, एवढं कळलं आणि त्या रात्री जेवले. बरं वाटलं तरी मेसालामाइनच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे तुम्ही माझ्याकडून तीनदा वदवून घेतलंत. घेतेय हो.

डिग्र्या त्या दोघांच्या भिंतींवरही होत्या, चांगल्या फ्रेम करून. पण बाईमाणसाची लाज राखायला वेळ तो किती लागतो? एक चहा येईपर्यंतचा.

तो चहा तुम्ही प्यायलाच नाहीत. निघताना पाहिला, फायलींशेजारी, साय धरलेला. मुलगा अजून कुरकुरतो, “उन्हात दोन जिने उतरून आणला, डॉक्टरांनी हातसुद्धा लावला नाही.”

मी त्याला काही सांगितलेलं नाही.

तुमची,
रामबागेतली काकू